ओली मोटार आणि कोरडी हवा : वाळण्याच्या विज्ञानाची गोष्ट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. गणेशोत्सवाचे दिवस होते. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीने काठ सोडले आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या सखल वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. या पुरात माणसे दगावली, हजारो घरांची नासधूस झाली. त्या मानाने मोटारींचे नुकसान लहानच. तरी पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती दिसलेले चित्र ध्यानात राहण्याजोगे होते : दारे उघडून उभ्या केलेल्या गाड्या, कुंपणांवर वाळत घातलेली पायपुसणी, बाहेर काढून ठेवलेली आसने आणि गॅरेजांसमोर लागलेल्या रांगा. ज्यांची रोजची मिळकतच गाडीवर अवलंबून होती, त्यांना ती लवकर आणि नीट वाळणे हा पोटाचा प्रश्न होता.

अशा वेळी सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, काचा घट्ट लावून गाडी उन्हात ठेवा, आत भट्टीसारखे तापेल आणि सगळे वाळेल. दुसरा म्हणतो, दारे सताड उघडी टाका. तिसरा मिठाची किंवा तांदळाची पिशवी आत ठेवायला सांगतो, तर चौथा एअर कंडिशनर चालू करायला. यांतले बरोबर कोण? गंमत अशी की, हा वाद नागपूरच्या पुराइतका ताजा नाही. वाळायला उष्णता लागते की हवा, आणि पाणी ‘उडून जाते’ म्हणजे नेमके काय होते, यावर युरोपातील विद्वान अठराव्या शतकात अनेक वर्षे भांडत होते. त्या भांडणातून जे ज्ञान हाती आले, त्यातच ओल्या मोटारीचे उत्तर आहे. म्हणून आपण ती गोष्ट क्रमाने पाहू.

बाटलीतले दव

मीठ पाण्यात विरघळते, तसे पाणी हवेत विरघळते, अशी कल्पना अठराव्या शतकाच्या मध्यास प्रचलित होती. फ्रान्समधील माँपेलिये येथील वैद्य शार्ल ल रॉय यांनी १७५१ मध्ये या कल्पनेला प्रयोगाचा आधार दिला. त्यांनी दमट हवा काचेच्या बाटलीत भरून तोंड पक्के बंद केले. बाटली थंड होऊ लागली, की एका ठराविक तापमानाला आतल्या बाजूस दव धरू लागे. तापवली की दव नाहीसे होई. बाटलीत बाहेरून काही येत नव्हते आणि आतून काही जात नव्हते. म्हणजे तेच पाणी कधी हवेत, कधी काचेवर. गरम पाण्यात जास्त साखर विरघळते आणि पाणी थंड झाले की जादा साखर तळाशी बसते, तसेच हे आहे, असे ल रॉय यांचे म्हणणे होते. ज्या तापमानाला दव धरू लागते त्याला आज आपण दवबिंदू म्हणतो.

आता काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या ओल्या मोटारीकडे पाहा. ती ल रॉय यांची बाटलीच नव्हे काय? दुपारी आत पाण्याची वाफ होते आणि काचा स्वच्छ दिसतात. मालकाला वाटते, गाडी वाळली. रात्री गाडी थंड होते आणि तेच पाणी काचांवर, छताच्या पत्र्याच्या आतल्या बाजूस आणि डॅशबोर्डमागच्या तारांच्या जोडांवर परत येऊन बसते. जिथे पुराचे पाणी पोचले नव्हते, तिथेही आता ओल पोचली!

केसाने मोजलेली ओल

हवेतील ओल मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न होता. जिनिव्हाचे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे आल्प्स पर्वतात भटकणारे निसर्गवैज्ञानिक. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, हे त्यांनी हेरले. तेलकटपणा काढून टाकलेला केस, एक लहानशी चाकी आणि एक काटा, एवढ्यावर त्यांनी आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ मध्ये या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. केसाचे हे उपकरण पुढे दीडशे-दोनशे वर्षे वेधशाळांतून वापरात राहिले.

सोस्यूर यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. केस, लाकूड, सूत, लोकर असे पदार्थ कधीच पूर्णपणे कोरडे नसतात. भोवतालच्या हवेत जितकी ओल, त्या मानाने ते आपल्यात पाणी धरून ठेवतात. साध्या हवेत ‘कोरड्या’ म्हणवणाऱ्या शंभर ग्रॅम सुतातही सात-आठ ग्रॅम पाणी असतेच. म्हणून भर पावसाळ्यात वाळवलेली गाडी उन्हाळ्यातल्या गाडीइतकी कोरडी होणे शक्य नाही. आपल्याला गाठायची आहे ती बुरशी धरणार नाही इतपत कोरडी अवस्था.

एका शाळामास्तराचा शोध

‘पाणी हवेत विरघळते’ या कल्पनेला धक्का दिला तो जॉन डाल्टन यांनी. डाल्टन हे विणकराचे पुत्र. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते खेड्यातल्या शाळेत शिकवू लागले आणि पुढे आयुष्यभर शिकवण्यांवर त्यांनी चरितार्थ चालवला. १७८७ पासून १८४४ मधील मृत्यूपर्यंत, सत्तावन्न वर्षे, ते रोजच्या हवामानाची टिपणे ठेवत होते. अणुसिद्धांतामुळे त्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. पण त्या सिद्धांताकडे ते हवा आणि बाष्प यांच्या अभ्यासातून वळले, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

डाल्टन यांनी पाऱ्याच्या वायुभारमापकाच्या नळीत, पाऱ्यावरच्या निर्वात पोकळीत, पाण्याचा थेंब सोडला. पाऱ्याची पातळी खाली गेली, म्हणजे बाष्पाने दाब दिला. तापमान वाढवले तसा तो दाब वाढत गेला. मग त्यांनी पाहिले की, पोकळीत हवा नसली काय किंवा असली काय, ठराविक तापमानाला बाष्पाचा दाब तेवढाच भरतो. याचा अर्थ, बाष्पाला धरून ठेवायला हवा लागतच नाही. पाणी हवेत ‘विरघळत’ नाही; ते हवेच्या शेजारी, आपल्या स्वतःच्या दाबाने राहते. १८०२ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या वृत्तात हे निबंध छापले गेले.

त्याच निबंधांत बाष्पीभवनाचा नियमही आहे. ओल्या पृष्ठभागाला लागून असलेल्या बाष्पाचा दाब आणि आसपासच्या हवेतील बाष्पाचा दाब, या दोहोंत जेवढा फरक असेल तेवढ्या वेगाने पाणी उडते; वारा असेल तर आणखी वेगाने. यात अठराव्या शतकातले भांडण मिटते. उष्णता लागते, कारण तिच्यामुळे ओल्या पृष्ठभागाचा बाष्पदाब वाढतो. मोकळी हवाही लागते, पण ती पाणी ‘विरघळवून’ घेण्यासाठी नव्हे. सुटलेले बाष्प दूर नेऊन समोरचा दाब कमी ठेवण्यासाठी. दोहोंपैकी एकच बाजू सांभाळली तर काम अर्धवट राहते.

थोडे गणित

आता हा नियम मोटारीला लावून पाहू. लहान मोटारीच्या आतली जागा सुमारे तीन घनमीटर धरू. गालिचा, त्याखालचा फेल्ट आणि आसनांचा फोम यांत मिळून दहा लिटर पाणी मुरले आहे असे मानू. पुराची गाडी असेल तर हा अंदाज फार मोठा नाही.

एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प मावते? २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३०, ४० अंशांना ५१ आणि ६० अंशांना १३० ग्रॅम. तापमान वाढते तशी ही संख्या झपाट्याने वाढते, हे विद्यार्थ्यांनी आलेख काढून पाहण्यासारखे आहे.

काचा बंद ठेवून गाडी ६० अंशांपर्यंत तापली, तरी तीन घनमीटरमध्ये बाष्प मावणार ३९० ग्रॅम. दहा लिटरपैकी चारशे ग्रॅमसुद्धा नाही! उरलेले साडेनऊ लिटरहून अधिक पाणी जागच्या जागी. रात्री तापमान २५ अंशांवर आले की तिथे मावणार फक्त ७० ग्रॅम. म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम पाणी पुन्हा काचांवर आणि पत्र्यावर. ‘भट्टीच्या’ उपायाचा हिशेब हा असा आहे.

आता दारे सताड उघडी टाकू. सप्टेंबरातली हवा ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्या प्रत्येक घनमीटरात २४ ग्रॅम बाष्प आधीच आहे. आणखी मावेल फक्त सहा ग्रॅम. दहा लिटर पाणी नेण्यासाठी अशी सोळाशेहून अधिक घनमीटर हवा, म्हणजे गाडीतली सारी हवा सुमारे साडेपाचशे वेळा बदलावी लागेल. आणि तीही प्रत्येक वेळी बाष्पाने पूर्ण भरून बाहेर पडली तर.

तीच हवा गाडीत येऊन उन्हाने ४५ अंशांपर्यंत तापली तर? ४५ अंशांना ६५ ग्रॅम मावतात. म्हणजे चाळीस ग्रॅमांची जागा झाली. आता गाडीतली हवा सुमारे ऐंशी वेळा बदलली की काम झाले. काचा चार बोटे खाली, गाडी उन्हात आणि आत एक पंखा, हा मधला मार्ग दोन्ही टोकांच्या उपायांहून का सरस, ते यावरून कळते. हे आकडे ढोबळ आहेत, पण तुलना खरी आहे.

हाच अपघात मे महिन्यात झाला असता तर? नवतपाच्या सुमारास नागपूरची हवा ४२ अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची धरली, तर तिच्या घनमीटरात सुमारे ११ ग्रॅम बाष्प असते आणि आणखी ४५ ग्रॅमांना जागा असते. तेव्हा तापवण्याचीही गरज नाही. दारे उघडली की पुरे. एकाच गावात, चार महिन्यांच्या अंतराने, एकच सल्ला एकदा उत्तम आणि एकदा निरुपयोगी ठरतो. सल्ले देणारे सगळेच खोटे बोलत नसतात; ते ऋतू सांगायला विसरतात.

कूलरच्या गावी

पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. ही अप्रकट उष्णता ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोजून दाखवली. आपले दहा लिटर पाणी उडवण्यासाठी सुमारे २४ दशलक्ष जूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेची साडेसहा ते सात युनिटे. ती उष्णता कुठून तरी यावी लागते. आली नाही तर ओला गालिचा स्वतःच थंड होतो, त्याचा बाष्पदाब घटतो आणि वाळणे मंदावते. ढगाळ दिवशी, उघड्या दारांतही गाडी दिवसचे दिवस ओली का राहते, त्याचे हे दुसरे कारण.

या थंड होण्यावरूनच हवेची ओल मोजता येते. बर्लिनचे एर्न्स्ट फर्डिनांड आउगुस्ट यांनी १८२५ मध्ये दोन तापमापक शेजारी शेजारी लावले. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याचा ओल्या कापडात गुंडाळलेला. दोहोंच्या वाचनांतला फरक म्हणजे हवेच्या तहानेचे माप. वर घेतलेल्या मे महिन्यातल्या हवेत ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील, म्हणजे फरक अठरा अंशांचा. सप्टेंबरातल्या हवेत तो २७ दाखवील आणि फरक उरेल जेमतेम तीन अंशांचा. नागपुरात वाळ्याचा कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि पाऊस सुरू झाला की नुसती चिकचिक वाढवतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. कूलर चालतो त्या दिवसांत गाडी वाळते; कूलर चालत नाही त्या दिवसांत गाडीही आपणहून वाळत नाही. दोन्हींमागचा नियम एकच आहे.

गिरणीतून मोटारीत

आता एअर कंडिशनरचा सल्ला पाहू. त्याचा इतिहास नागपूरला वळसा घालून जातो.

जमशेटजी टाटा यांनी जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, दगडी कोळसा फार दूर नाही आणि दारात रेल्वे, अशी सोय पाहून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले होते. पण सूत ओलसर असताना चिवट असते आणि कोरड्या हवेत तुटते. उन्हाळ्यात नागपूरची हवा किती कोरडी असते ते आपण पाहिलेच. या गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे फार लवकर बसवली गेली, ती याच गरजेतून. इथे प्रश्न वाळवण्याच्या अगदी उलटा होता; हवेत ओल घालायची होती.

जगभरच्या सूतगिरण्यांपुढे हाच प्रश्न होता. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी गिरण्यांतून आला. अमेरिकेतील सूतगिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी तो १९०६ मध्ये वापरला. त्याआधी, १९०२ मध्ये, विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याकडे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली होती. हवेतील ओलीमुळे कागद फुगे किंवा आकसे आणि रंगीत छपाईत एकावर एक येणारे ठसे जुळत नसत. कॅरियर यांनी हवा थंड नळ्यांवरून नेली. जादा बाष्प नळ्यांवर पाणी होऊन गळून गेले आणि हवा कोरडी झाली. ल रॉय यांच्या बाटलीतले दव आता कामाला जुंपले गेले होते. १९११ मध्ये कॅरियर यांनी हवेची ओल, तापमान आणि उष्णता यांची सूत्रे एका निबंधात मांडली. वातानुकूलनाचे अभियंते आजही त्याच पायावर हिशेब करतात.

माणसाला गारवा देणे हा या यंत्राचा पहिला हेतू नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कागद आणि सूत यांच्यासाठी ते जन्माला आले. माणसाच्या सुखासाठी त्याचा वापर नंतर वाढला. मोटारीत ते आणले अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने, १९३९ मध्ये जाहीर केलेल्या नमुन्यात. त्या यंत्राने डिकीतली बरीच जागा व्यापली होती आणि दोन-तीन वर्षांत ते बंदही झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ते सुटसुटीत रूपात परत आले.

एअर कंडिशनर चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात, ते गाडीतल्या हवेतून काढलेले बाष्प. १० अंशांच्या नळीवरून गेलेल्या हवेत घनमीटरमागे ९ ते १० ग्रॅमच बाष्प उरते, बाहेरची हवा कितीही दमट असो. म्हणजे पावसाळ्यातही गाडीत मे महिन्याची कोरडी हवा तयार करता येते. चौथ्याचा सल्ला तर बरोबर निघाला! पण दोन अटींवर. मुरलेले पाणी आधी टिपून काढलेले हवे. आणि इंजिनात पाणी गेलेले नाही याची जाणकाराने खात्री केलेली हवी. पाणी दाबून आखडत नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवले, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. चालू इंजिनाची गाडी बंद जागेत कधीही ठेवू नये, हेही सांगायला हवे; धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

वर कोरडे, आत ओले

गाडी वाळली असे समजून आठवड्याने आत बसावे, तर कुबट वास येतो. असे का होते? याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. अमेरिकेतील वॉरेन लुईस यांनी १९२१ मध्ये घन पदार्थ वाळण्याच्या वेगावर निबंध लिहिला आणि थॉमस शेरवुड यांनी १९२९ पासून तो विषय पुढे नेला. त्यांनी दाखवले की, वाळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पृष्ठभाग ओला असतो आणि वेग स्थिर असतो. तिथे ऊन-वाऱ्याचे राज्य असते. दुसऱ्या टप्प्यात पृष्ठभाग वाळलेला असतो आणि पाणी आतून वर येण्याची वाट पाहावी लागते. आता वारा कितीही वाढवा, फारसा उपयोग नाही. वेग सतत घटत जातो. वेग ठरवणारी गोष्ट बदललेली असते. आता महत्त्व असते ते थराच्या जाडीला.

मोटारीत हे अगदी ठळक दिसते. वर गालिचा, त्याच्या पाठीला बहुधा पाणी न झिरपू देणारा लेप आणि खाली जाड फेल्ट. वरून हात लावला तर कोरडे. खालचा फेल्ट मात्र ओथंबलेला. त्यातले पाणी लेपातून वर येऊ शकत नाही आणि खाली पत्रा आहे. म्हणून गालिचा उचलल्याशिवाय गाडी वाळत नाही. आसने सोडवून, गालिचा वर करून, खाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा देऊन दोन्ही बाजूंनी वारा खेळवला, की जाडी निम्मी झाल्यासारखी होते. जुन्या काळच्या मोकळ्या गाड्यांत ही अडचण कमी होती. गाडी जितकी शांत आणि गुबगुबीत, तितकी ती वाळवायला कठीण.

बुरशीशी शर्यत

या साऱ्याला घाई का? कारण बुरशी वाट पाहत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या वर राहिली, की कापूस, लोकर, चामडे, गोंद यांवर ती एक-दोन दिवसांत रुजू लागते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे आणि उपकरणे बुरशीने खाऊन टाकली. सॉलोमन बेटांवरच्या अशाच एका कुजलेल्या कापडावरून वेगळी काढलेली ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ ही बुरशी आज उद्योगात सेल्युलोज विघटित करणारी विकरे बनवण्यासाठी मुद्दाम वाढवली जाते. शत्रू कामाला लागला खरा. पण आपल्या आसनाखाली तो नकोच. पुराच्या पाण्यात नाल्याची घाण असते. दमेकऱ्यांना बुरशीच्या बीजुकांचा त्रास होतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने धुणे आणि मग वाळवणे, हा क्रम उलटा वाटला तरी योग्य आहे.

राहिला मीठ-तांदळाचा सल्ला. पाणी शोषणाऱ्या पदार्थांत सिलिका जेल सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ मध्ये त्याच्या निर्मितीचे पेटंट घेतले. दमट हवेत ते आपल्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश पाणी धरते. मग दहा लिटरसाठी किती लागेल? तीस किलो! तांदूळ तर त्याहून पुष्कळच कमी पाणी घेतो. कॅमेऱ्याच्या डब्यातील चमचाभर ओलीसाठी असलेला उपाय बादलीभर पाण्याला पुरत नाही. गाडी वाळल्यावर, उरलीसुरली ओल धरण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

इतिहासाने सांगितलेला क्रम

या अडीचशे वर्षांच्या गोष्टीतून कामाचा क्रम आपोआप निघतो. बॅटरीचा जोड सोडवावा. विजेवर चालणारी गाडी असेल तर स्वतः हात न लावता कंपनीच्या जाणकाराला बोलवावे. आसनाखालच्या एअरबॅगच्या तारांनाही हात लावू नये. जे पाणी पाण्याच्या रूपातच काढता येते, ते फडक्याने, दाबून ठेवलेल्या वर्तमानपत्रांनी किंवा पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम यंत्राने काढावे. असे काढलेल्या प्रत्येक लिटरमागे आपण २४ लाख जूल ऊर्जा वाचवतो. मग गालिचा आणि फेल्ट उचलून, उन्हात, काचा थोड्या उघड्या ठेवून पंखा लावावा. सूर्य मावळताच आतली हवा एकदा पूर्ण बदलावी, म्हणजे दिवसाचे बाष्प रात्री दव होऊन परतणार नाही. इंजिन ठीक असेल तर शेवटी काचा लावून, आतलीच हवा फिरवत एअर कंडिशनर चालवावा.

आणि पाणी पुरामुळे नसून साध्या पावसाने आत येत असेल, तर ते कुठून येते ते आधी शोधावे. पुढच्या काचेखालची पन्हळ कडुनिंबाच्या पानांनी तुंबलेली असणे हे एक नेहमीचे कारण. दाराच्या तळाची लहान भोके बुजलेली असणे हे दुसरे. दारात पाणी शिरणे गृहीतच धरलेले असते; ती भोके ते बाहेर जाण्यासाठीच असतात.

वर्गात हा विषय घ्यायचा तर मोटारीची गरज नाही. सारख्या आकाराचे फेल्टचे किंवा जाड सुती कापडाचे चार तुकडे सारख्याच पाण्यात भिजवावेत. एक झाकणबंद काचेच्या बरणीत घालून उन्हात, एक उघडा सावलीत, एक उघडा उन्हात आणि एक उन्हातच, पण खाली प्लास्टिक लावून ठेवावा. दर तासाला वजन करावे आणि आलेख काढावा. शेजारी दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या चिंधीचा, टांगावेत. हाच प्रयोग एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये करावा. बरणीच्या काचेवर सकाळी जमलेले दव विद्यार्थ्यांना ल रॉय यांची आठवण देईल, आणि चार तुकड्यांच्या चार वेगळ्या रेषा डाल्टन यांचा नियम त्यांच्याच वहीत उमटवतील. दोन ऋतूंचे आलेख शेजारी ठेवले, की पुढच्या पुराच्या वेळी कोणता सल्ला कधी मानायचा, हे त्या मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.